यत्न करूं

मध्यंतरी एका मैत्रिणीने फोनवर बोलता बोलता तुकोबांचा अभंग म्हटला. 'आम्हां घरीं धन शब्दाचींच रत्नें। शब्दाचींच शस्त्रें यत्न करूं॥' विषय भलताच चालला होता. कुणाच्या तरी भाषणाबद्दल ती सांगत होती आणि ओघात या ओळी आल्या. तिने तिन्ही कडवी म्हटली, मनापासून, आवाजात ठेका धरून, आणि लगेच मूळ विषयावर परतली. मी मात्र पहिल्याच कडव्याच्या शेवटी अडकले होते. शब्दांची शस्त्रं 'यत्न करूं' म्हणजे नेमकं काय करू? खटपट करून शब्दांची शस्त्रं घडवू, की शब्दांची शस्त्रं हाती घेऊन खटपट करू? ती बोलत होती, मी हं हं करत होते, आणि मनात त्या चार अक्षरांशी झटापट चालू होती.

हा अभंग मला कधी पाठ झाला ते आठवतही नाही. वर्षानुवर्षं तो कानावर पडला, तोंडात बसला, आणि या जागी मी कधी अडखळले नव्हते. अडखळायला लागले ती त्याचा इंग्रजी अनुवाद करायला घेतला तेव्हापासून. इंग्रजीत वाक्य उभं करायचं तर शस्त्रांचं आणि यत्नाचं नातं सांगावंच लागतं. एखादं अव्यय मध्ये घातल्याशिवाय ओळ पुढे सरकत नाही. मराठीत ते नातं सैल सोडलेलं आहे, आणि का सोडलेलं आहे तेही तेव्हाच दिसलं. या अभंगाचे पहिले तीन चरण सहा-सहा अक्षरांचे, चौथा फक्त चार अक्षरांचा. य, त्न, क, रूं. संपलं. तिथे 'घडवू' नाही, 'घेऊन' नाही, कशालाच जागा नाही. तुकोबांनी ते तसंच मोकळं ठेवलं आणि ठेक्याच्या जोरावर आपल्याला पलीकडे नेलं. माझी मैत्रीण तशी पलीकडे गेली. मला आता तसं जाता येत नाही. यात आपण काही कमावलं की घालवलं, हा प्रश्न त्या फोननंतर माझ्या मागे लागला.

कमावलेलं आधी सांगते, कारण ते डोळ्यांपुढे आहे. त्याच अभंगात 'शब्द' सहा वेळा येतो. शब्दाचींच, शब्दाचींच, शब्दचि, शब्द, शब्दचि, शब्देंचि. इंग्रजीत प्रत्येक 'च'साठी काही ना काही द्यावं लागतं, म्हणून मी ते मोजत बसले होते, आणि मोजताना लक्षात आलं की सहापैकी पाच ठिकाणी 'च' किंवा 'चि' आहे आणि एकाच ठिकाणी नाही: 'शब्द वाटूं धन जनलोकां'. आमच्या घरी शब्दच, आमचा जीव शब्दच, देव शब्दच, पूजाही शब्दांनीच. पण लोकांना वाटायची वेळ आली तेव्हा नुसता शब्द. मुठीतला 'च' तिथे सुटला आहे. तुकोबांनी हे योजून केलं की अक्षरांच्या हिशोबात आपसूक झालं, याचा निकाल मला लावता येणार नाही आणि लावायचाही नाही. मला आनंद याचा झाला की धन पहिल्या कडव्यात घरात आहे आणि दुसऱ्यात ते बाहेर वाटलं जातंय, आणि ही वाट बारीकशा 'च'च्या असण्या-नसण्यातूनही दिसते.

हे सगळं मला पाठ होतं, पण दिसलेलं नव्हतं.

शिवणकाम करणाऱ्या बाईला समोरच्या माणसाच्या अंगावरचा कपडा आधी आतल्या शिवणीसकट दिसतो, रंग नंतर. अनुवाद करणाऱ्याचं वाचन तसं होऊन जातं. इतरांसाठी जे एकसंध आहे त्यातले जोड दिसायला लागतात: कुठे शब्द ओढून बसवला आहे, कुठे सूट दिली आहे, कुठे कवीला हवं ते बोलता आलं नाही आणि त्याने वळसा घेतला आहे. चांगला समीक्षकही हे पाहतो, पण त्याला न आवडलेलं किंवा न उमगलेलं कडवं तो वगळू शकतो. अनुवाद करणाऱ्याला एकही शब्द वगळून पुढे जाता येत नाही. कंटाळवाण्या ओळीपाशीही तितकाच वेळ बसावं लागतं, आणि खूपदा त्या कंटाळवाण्या वाटलेल्या ओळीतच कवितेचा खिळा ठोकलेला सापडतो.

एव्हाना तुमच्या लक्षात आलं असेल की हे लिहिणारी बाई आहे. मी ते कुठे सांगितलं नाही; 'अडकले होते' या क्रियापदाने परस्पर सांगून टाकलं. आपली भाषा असं सतत सांगत असते आणि आपल्याला त्याचं काहीच वाटत नाही. इंग्रजीतला 'मी' मात्र पानंच्या पानं बोलत राहू शकतो आणि तो बाप्या की बाई याचा पत्ता लागू देत नाही. एमिली डिकिन्सन या अमेरिकन कवयित्रीची मृत्यूवरची एक प्रसिद्ध कविता मी मराठीत आणायला घेतली, तेव्हा हे मला फार जवळून भोगावं लागलं. बोलणारी व्यक्ती सांगते आहे की मृत्यूसाठी थांबायला मला सवड झाली नाही, म्हणून तोच भलेपणाने माझ्यासाठी थांबला. त्याच्या गाडीत आम्ही दोघं आणि सोबत अमरत्व. पहिल्याच ओळीत मराठी अडवते. 'मी थांबलो नाही' की 'मी थांबले नाही'? यातून निसटायची वाट आहे: 'मला थांबता आलं नाही' म्हटलं की क्रियापद नपुंसकलिंगी होतं आणि बोलणारं माणूस झाकलं जातं. पण ही युक्ती करायची का, हे ठरवायला मूळ कविता पुन्हा वाचावी लागते, आता फक्त या एका प्रश्नासाठी. ही व्यक्ती स्त्री आहे हे कवितेत कुठे म्हटलं आहे?

म्हटलं आहे. चौथ्या कडव्यात. सूर्य मावळल्यावर दव पडतं, थंडी वाजायला लागते, कारण अंगावर तलम झगा आहे आणि खांद्यावर जाळीदार वस्त्र. तो झगा एवढाच पुरावा. बाकीच्या पाच कडव्यांत काही नाही. आणि आता गंमत पाहा. डिकिन्सन 1886 मध्ये गेली, तोवर तिच्या जवळजवळ अठराशे कवितांपैकी मोजक्याच छापल्या गेल्या होत्या. ही कविता 1890 च्या पहिल्या संग्रहात आली तेव्हा संपादकांनी तिला आपल्या मनाने शीर्षक दिलं, ओळींमध्ये ती घालायची त्या आडव्या रेघा पुसून नेटकी विरामचिन्हं घातली आणि चौथं कडवं सरळ गाळून टाकलं. म्हणजे त्या पिढीने जी कविता वाचली तिच्यात बोलणाऱ्या व्यक्तीचं बाईपण शब्दांत कुठेच उरलं नव्हतं. ते मुखपृष्ठावरच्या नावावरून धरून चालायचं. 1955 च्या आवृत्तीत मूळ रूप परत आलं. मला हे कडवं गाळल्याचं आधीपासून ठाऊक होतं, माहिती म्हणून. गाळल्याने काय गेलं ते मात्र मराठीच्या क्रियापदाने अडवलं तेव्हा कळलं. ज्यांना इंग्रजी ही मायबोली आहे त्यांना कदाचित हा प्रश्न कधी पडतही नसेल, कारण त्यांची भाषा तो विचारत नाही.

त्याच कवितेत मृत्यूही येतो तो पुरुषाच्या सर्वनामाने, रीतसर घ्यायला आलेल्या गृहस्थासारखा. मराठीत 'मृत्यू' म्हटलं तर तो 'तो' राहतो. 'मरण' म्हटलं की 'ते' होतो आणि गाडीतला गृहस्थ नाहीसाच होतो. हिंदीत 'मौत' घेतली तर गाडी घेऊन बाई येईल आणि सगळी कविता वेगळ्या रस्त्याला लागेल. याउलट एका जागी मराठीने मला न मागता दान दिलं. 'थांबणे' हे आपलं क्रियापद दोन्ही अर्थ पोटात घेतं: चालता चालता उभं राहणं आणि कुणाची वाट पाहणं. 'मृत्यूसाठी मला थांबता आलं नाही, म्हणून तोच माझ्यासाठी थांबला.' गाडी थांबली, आणि तो वाट पाहत थांबलाही. ते वाक्य कागदावर उतरलं तेव्हा मी पुन्हा मूळ ओळ वाचली, आणि त्या गृहस्थाचं दाराशी ताटकळणं मला प्रथमच जाणवलं. घाई नसलेला, सभ्य, बाहेर उभा. आता इंग्रजी ओळ वाचतानाही मला तो तसाच दिसतो. मूळ कवितेत हे आहे की मराठीतून मी ते तिथे नेलं, हे सांगणं कठीण आहे, आणि त्याची मला चिंता वाटत नाही.

काही वेळा मूळ भाषा येत नसते आणि तरी कविता सोडवत नाही. मला जपानी येत नाही. बाशोची 1686 मधली ती बेडकाची हायकू मी अनुवादांतूनच ओळखते: जुनं तळं, बेडकाची पाण्यात उडी, पाण्याचा आवाज. कित्येक वर्षं माझ्या मनात ते तळं निपचित होतं आणि बेडूक एक होता. मग लाफ्काडिओ हर्नचा इंग्रजी अनुवाद समोर आला, त्यात बेडूक अनेक आहेत. पहिली प्रतिक्रिया रागाची होती. पण जपानी नामाला एकवचन-अनेकवचनाची सक्ती नसते. बेडूक एक की दहा, हे बाशोने सांगितलेलं नाही आणि त्याच्या भाषेने त्याला विचारलेलं नाही. शिवाय जपानी परंपरेत बेडूक ही वसंताची खूण मानतात. हे कळल्यावर तळं बदललं. एक बेडूक असताना ती एकांताची कविता होती; अनेक म्हटले की वसंत आला, तळं जागं झालं, इकडून डुबूक, तिकडून डुबूक. रवींद्रनाथांनी ही हायकू बंगालीत नेली, आणि बंगालीत नुसतं नाम ठेवून आकडा न सांगण्याची सोय आहे, त्यामुळे त्यांचं तळं दोन्ही शक्यतांसह शाबूत राहिलं. मराठीत 'बेडूक' शब्द एकाला आणि अनेकांनाही चालतो, पण मारतो की मारतात, बेडकाची की बेडकांची, इथे पितळ उघडं पडतं. क्रियापद आणि प्रत्यय टाळूनच हे करता येईल. 'जुनं तळं. बेडूक. पाण्याचा आवाज.' आणि मग ती उडी जाते. उडी ठेवायची की आकडा झाकायचा? यावर मी कुणाशीही तासभर वाद घालू शकते.

यातून मला एक सवय लागली आणि ती मी हट्टाने पाळते. ज्या भाषेतली कविता मूळातून वाचता येत नाही तिचा एकच अनुवाद वाचत नाही. दोन तरी, जमलं तर चार. सगळे अनुवादक जिथे एकसारखं बोलतात तिथे मूळ ओळ बहुधा सरळ असते. जिथे चौघांची तोंडं चार दिशांना होतात तिथे थांबायचं. तिथे मूळात काहीतरी दडलेलं असतं, आणि चौघांच्या चुकामुकीतून त्याचा अंदाज लागतो. 

आपल्याकडे मेघदूताच्या बाबतीत ही चैन भरपूर करता येते. रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर झालेले चिंतामणराव देशमुख, बोरकर, कुसुमाग्रज, शांताबाई शेळके या सगळ्यांना तो यक्ष मराठीत आणावासा वाटला. मी एकदा नुसत्या पहिल्या श्लोकापाशी अनुवाद शेजारी शेजारी ठेवून बसले. मेघदूत ज्या वृत्तात आहे त्या मंदाक्रांतेची चाल विलक्षण आहे. चार गुरू अक्षरं, जड पावलं: 'कश्चित्कान्ता'. मग पाच लघू धावत येतात आणि सहाव्या गुरूवर टेकतात: 'विरहगुरुणा'. मग सात अक्षरांचं हेलकावे खात जाणं. एका ओळीत 17 अक्षरं. जपान्यांची अख्खी हायकू मावते तेवढ्यात कालिदासाचा एक चरण होतो. जड पावलं, धाव, हेलकावा, पुन्हा जड पावलं. स्वतः एक ओळ त्या मापात बसवून पाहिल्याशिवाय ही चाल अंगात शिरत नाही. चार गुरू सलग देणारे मराठी शब्द शोधताना दम लागतो, आणि तो दम लागल्यावरच उमगतं की ढगाचं अंग या वृत्तात कुठून आलं. शाळेत लघू-गुरूच्या खुणा करताना मला वृत्त म्हणजे गणित वाटायचं. अनुवादाच्या खटपटीत ते श्वासाचं प्रकरण निघालं.

आणि तो 'कश्चित्'. कोणी एक. यक्षाला नाव नाही, त्याच्या बायकोलाही नाही. नद्यांना, डोंगरांना, नगरींना नावं आहेत आणि ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप त्यांनाच नाही. वाचताना हे सरकून जातं. पहिलाच शब्द मराठीत आणायचा तर 'कोणी', 'कुणी एक', 'कुठलासा' यांत निवड करावी लागते, आणि मग पुढे नाव येईल म्हणून आपण शेवटपर्यंत शोधत जातो, ते येतच नाही. शेवटी यक्ष ढगाला म्हणतो की तुझी आणि विजेची क्षणभरही ताटातूट न होवो. ही ओळ मराठीत किती सुखाने येते! तो मेघ, ती वीज. संस्कृतातलं जोडपं जसंच्या तसं घरी येतं. अनुवादात जी सहज उतरते ती कविता बेताचीच, असं म्हणणारे भेटतात. मला ते पटत नाही. ही ओळ अगदी सहज उतरते आणि तरी ती वाचून आवंढा येतो, कारण हे मागणारा स्वतः वर्षभरासाठी तोडलेला आहे.

आपल्या भाषेचा तर पायाच अशा वाचनावर उभा आहे. ज्ञानदेवांनी गीतेचे 700 श्लोक वाचले आणि त्यांच्या सुमारे नऊ हजार ओव्या झाल्या. विनोबांनी 1930-31 साली तीच गीता श्लोकाला श्लोक ठेवून मराठीत आणली. एकाने श्लोकात दडलेलं सगळं बाहेर काढून मांडलं, दुसऱ्याने एक शब्दही जास्त होऊ दिला नाही. मी दोन्ही आलटून पालटून वाचते तेव्हा गीतेपेक्षा या दोन माणसांच्या वाचण्याच्या तऱ्हाच जास्त पाहत असते. विनोबा जिथे एखादा संस्कृत शब्द तसाच ठेवतात तिथे मी थबकते. ज्ञानदेव जिथे एका शब्दासाठी दहा दृष्टांत देतात तिथेही थबकते. दोघांनाही त्या जागी काहीतरी जड लागलं असणार.

आता घालवलेल्याबद्दल. ते आहे, आणि मी ते नाकारणार नाही. कविता पहिल्यांदा ऐकताना अंगावर जो काटा यायचा, तो आता उशिरा येतो. आधी मन ओळीभोवती फिरून घेतं: हे कसं करता येईल, इथे काय सुटेल. एखाद्या ओळीने डोळे भरून यावेत त्या क्षणी हात पेन्सिलीकडे जातो. ज्या कवितांचे मी अनुवाद केले त्या तर मला पुन्हा सरळ ऐकताच येत नाहीत; मूळ ओळीमागे माझे खोडलेले पर्याय गर्दी करून उभे असतात. चालीत म्हटलेला अभंग हा एका दमात अंगावर घ्यायचा असतो, आणि तो दम माझ्याकडून मोडला गेला आहे. याचं वाईट वाटतं. म्हणून काही कविता मी ठरवून बाजूला ठेवल्या आहेत. कुणीही सांगितलं तरी त्यांचा अनुवाद करणार नाही. त्या मला कुणाच्या तरी आवाजासकट मिळालेल्या आहेत, आणि त्यांचे जोड मला पाहायचे नाहीत. त्या म्हणताना मी अजूनही मैत्रिणीसारखी ठेक्यावरून पलीकडे जाते.

तरी निवड करायची झाली तर मी हे हळू वाचणंच निवडेन. कारण त्याने माझं मराठीचं वाचनही बदललं. आजच्या एखाद्या कवीची साधीशी ओळ वाचतानाही तिच्याभोवती न लिहिल्या गेलेल्या ओळी दिसतात. 'घर' लिहिलं आहे, 'घरं' का नाही. 'आला' आहे, 'येऊन गेला' का नाही. कवीने जे नाकारलं असेल त्याचा अदमास येतो आणि जे ठेवलं त्याचं मोल वाढतं.

सध्या टेबलावर पुन्हा डिकिन्सनच आहे, तिसरं कडवं. गाडी शाळेवरून जाते. तिथे सुट्टीत मुलं रिंगणात झटताहेत. तिने 'खेळताहेत' लिहिलेलं नाही, 1890 च्या संपादकांनी मात्र ते बदलून मुलांना खेळायला लावलं होतं. हे 'झटणं' मी सोडणार नाही. मग गाडी शेतांवरून जाते, आणि शेतातलं पीक टक लावून पाहतं आहे. 'गेझिंग ग्रेन', दोन 'ग' एकमेकांना धरून. 'पाहणारं पीक' म्हटलं की माझे दोन 'प' जमतात, पण टक जाते. 'टक लावलेली कणसं' म्हटलं की टक येते, पण कणसं म्हटल्यावर ज्वारी डोळ्यांपुढे उभी राहते आणि अमेरिकेतलं शेत हरवतं. त्याहून मोठी अडचण वेगळी आहे. मराठीत 'पाहणं' म्हटलं की 'कुणाकडे' हे विचारलं जातंच. लगतच्या ओळीत सूर्य मावळतो आहे. तेव्हा हे पीक गाडीतल्या दोघांकडे बघतंय, की त्यांच्या पलीकडे सूर्याकडे? गाडीकडे बघत असेल तर त्या दोघांना कुणीतरी जाताना पाहिलं. सूर्याकडे बघत असेल तर कुणीच पाहिलं नाही. मी दोन्ही मसुदे लिहून ठेवले आहेत आणि आज तरी मला दुसरा जास्त खरा वाटतो.